ऑपरेशन केलं की दिवस जातील का?

यावेळी आलेली बहुतेक पत्रं ऑपरेशनबद्दलच आहेत. कुणाला दुर्बिणीतून बघून घ्या सांगितलंय, कुणाला नळी काढा, कुणाला गाठ काढा, आणि सगळ्यांच्या पत्राच्या शेवटी प्रश्न एकच, एवढं सगळं करून मूल होईल का. त्यातली काही पत्रं घेतलीत, नावं अर्थातच काढून टाकलीत. मी तुम्हाला तपासलेलं नाही, फक्त तुमचं पत्र वाचलंय, तेव्हा हे वाचा आणि मग तुमच्या डॉक्टरांशी बोलायला जा, प्रश्न लिहूनच घेऊन जा.

वय २८, लग्नाला दीड वर्ष झालं. पाळी नियमित आहे, सोनोग्राफी नॉर्मल आहे. डॉक्टर म्हणतात एकदा लॅप्रोस्कोपी म्हणजे पोटात दुर्बीण घालून बघू काय आहे ते. मिस्टरांची तपासणी अजून झालेली नाही, ते म्हणतात मला काय होणारे. ऑपरेशन करून घेऊ का?

आधी मिस्टरांची वीर्य तपासणी. हे मी अगदी ठाम सांगतेय. ज्या जोडप्यांना मूल होत नाही त्यातल्या साधारण अर्ध्या जोडप्यांत पुरुषाकडचंही काहीतरी कारण असतं, कधी एकट्याचं कधी दोघांचं मिळून. ती तपासणी म्हणजे एक डबी आणि थोडा वेळ, आणि इकडे तुम्हाला पूर्ण भूल देऊन पोटाला भोकं पाडायची, हा क्रमच उलटा आहे. त्यांना सांगा की रिपोर्ट आल्याशिवाय मी ऑपरेशनच्या टेबलावर जाणार नाही, आणि यात भांडण्यासारखं काही नाही, समजावून सांगा.

त्यानंतर नळ्यांची तपासणी म्हणजे एचएसजी, पिशवीतून डाय सोडून एक्सरे काढतात ती. थोडं दुखतं, पण भूल लागत नाही. यात एक गोष्ट बऱ्याच जणींना माहीत नसते, पिशवीच्या अगदी जवळ नळी बंद दिसली तर ती खरंच बंद असेलच असं नाही, तपासणीच्या वेळी नळी आखडून घेते आणि डाय पुढे जात नाही. म्हणून 'ब्लॉक' हा एक शब्द वाचून रडत बसू नका, परत एकदा खात्री करून घेतात. आणि या तपासणीनंतर काही जणींना दिवसही जातात. नेदरलँड्समधे मोठा अभ्यास झाला होता, २०१७ साली छापून आला, त्यात तेलाचा डाय वापरलेल्या बायकांपैकी ३९.७ टक्के बायकांना सहा महिन्यांत दिवस जाऊन टिकले, पाण्याचा डाय वापरला तिथे २९.१ टक्के. तेलाचा डाय सगळ्यांना चालतो असं नाही, विशेषतः थायरॉइडचा त्रास असेल तर आधी सांगा, पण विचारायला काय हरकत आहे.

पूर्वी मूल होत नाही म्हटलं की सरसकट लॅप्रोस्कोपी व्हायची. त्यात निळा डाय सोडून नळ्या उघड्या आहेत का ते डोळ्यांनी दिसतं, ओव्हरी कशाला चिकटलीय का ते कळतं, तपासणी म्हणून ती उत्तमच आहे. पण आतडं किंवा रक्तवाहिनी दुखावण्याचा धोका थोडा का होईना असतो, त्यामुळे आता कारण असेल तरच करतात. पाळीत झोपून राहावं लागेल इतकं दुखत असेल, संबंधाच्या वेळी आत खोल दुखत असेल, पूर्वी अपेंडिक्स फुटलं असेल, ओटीपोटाचं मोठं इन्फेक्शन किंवा टीबी झाला असेल, एचएसजीत काही सापडलं असेल, तर लॅप्रोस्कोपीला अर्थ आहे. तुमच्या पत्रात यातलं काहीच नाही आणि वय २८ आहे, थोडं थांबून बाकीच्या तपासण्या करायला तुमच्याकडे वेळ आहे. ३५ च्या पुढे असतात तर मी सहा महिन्यांच्या वर थांबा म्हटलं नसतं.

वय ३३. दोन्ही ओव्हरीत चॉकलेट सिस्ट आहेत, एक ४ सेंमी एक ३ सेंमी. एएमएच, म्हणजे ओव्हरीत बीजं किती उरलीत ते सांगणारी रक्ततपासणी, १.१ आलंय. एक डॉक्टर म्हणतात आधी सिस्ट काढा मग ट्राय करा, दुसरे म्हणतात हात लावू नका सरळ आयव्हीएफ म्हणजे टेस्ट ट्यूब बेबी करा. दोघंही नावाजलेले आहेत. मी रात्र रात्र झोपत नाही. पाळीत दुखतं पण गोळी घेतली की कामावर जाता येतं.

तुमचं पत्र तीनदा वाचलं, कारण हा प्रश्न खरंच अवघड आहे आणि दोन डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या म्हणजे कुणीतरी फसवतंय असं नाही.

ही सिस्ट साध्या पाण्याच्या सिस्टसारखी नसते. पिशवीच्या आत जे अस्तर असतं तसलंच अस्तर ओव्हरीत वाढतं, आत जुनं रक्त साठत जातं, ते चॉकलेटसारखं दिसतं म्हणून नाव पडलं. काढताना तिचं आवरण ओव्हरीपासून सोलून घ्यावं लागतं, आणि कितीही कसलेला सर्जन असला तरी त्या आवरणाला चिकटून थोडा चांगला भाग निघतोच, रक्त थांबवायला शेक दिला की अजून थोडा जळतो. स्त्रीबीजं असतात ती नेमकी त्याच वरच्या थरात. म्हणून अशा ऑपरेशननंतर एएमएच खाली येतं, दोन्ही बाजूंचं केलं तर जास्त, आणि एकदा करून परत सिस्ट आली म्हणून परत केलं तर सगळ्यात वाईट. गेलेली बीजं परत तयार होत नाहीत, शरीरात तशी सोयच नाही. आणि आयव्हीएफच्या आधी सिस्ट काढल्याने मूल होण्याचं प्रमाण वाढतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही, म्हणूनच युरोपातल्या वंध्यत्व तज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ च्या मार्गदर्शनात केवळ निकाल सुधारावा म्हणून आयव्हीएफच्या आधी सरसकट सिस्ट काढू नका असं सांगितलंय.

मग पहिले डॉक्टर चूक का? नाही. एखादी २६-२७ वर्षांची मुलगी असेल, एकाच बाजूला सिस्ट, एएमएच भरपूर, दुखणं असह्य, नळ्या चांगल्या, मिस्टरांचा रिपोर्ट चांगला आणि नैसर्गिकरित्या प्रयत्न करायचाय, तर सिस्ट काढणं बरोबर ठरतं, आणि तेव्हा नुसतं आतलं रक्त काढून भागत नाही, ती परत भरते, आवरणासकटच काढावी लागते. सोनोग्राफीत सिस्ट संशयास्पद दिसली, किंवा इतकी मोठी झाली की बीज काढायची सुई पोचत नाही, तेव्हाही ऑपरेशन लागतं. आणि सिस्ट नसून नुसते एंडोमेट्रिओसिसचे, म्हणजे पिशवीबाहेर वाढलेल्या त्याच अस्तराचे, छोटे डाग असतील तर गोष्टच वेगळी. कॅनडात ३४१ बायकांवर अभ्यास झाला होता, १९९७ साली आला, लॅप्रोस्कोपीत डाग दिसल्यावर निम्म्यांचे काढले, निम्म्यांचे नुसते पाहून सोडले. डाग काढलेल्यांत ३६ आठवड्यांत दिवस जाऊन टिकण्याचं प्रमाण ३०.७ टक्के, बाकीच्यांत १७.७. इटलीतल्या एका छोट्या अभ्यासात मात्र असा फायदा दिसला नव्हता. पण डाग काढताना ओव्हरी सोलायची नसते, त्यामुळे बीजांचं नुकसान होत नाही, हा मुख्य फरक.

तुमच्या दोन्ही ओव्हरीत सिस्ट आहेत, वय ३३, एएमएच आधीच कमी, आणि दुखणं गोळीने आटोक्यात आहे. मला विचाराल तर माझं मन दुसऱ्या डॉक्टरांकडे झुकतं, आधी बीजं काढून गर्भ तयार करून ठेवावेत, आणि पुढे दुखणं वाढलंच तर सिस्टचं ऑपरेशन तेव्हा, हातात गर्भ राखून. पहिल्या डॉक्टरांकडे परत जा आणि विचारा की दोन्ही बाजूंचं केल्यावर माझं एएमएच कुठे जाईल, आणि मग दिवस गेले नाहीत तर बीज काढायला काय उरेल. चांगले डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाहीत. आणि गोळी पुरेनाशी झाली तर दुखणं सोसत बसू नका, मूल हवंय म्हणून दुखणं सहनच करायचं असतं असं काही नाही.

वय ३५. दोन्ही नळ्यांत पाणी भरलंय. आयव्हीएफला गेले तर म्हणाले आधी दोन्ही नळ्या काढा. नळ्याच काढल्या तर मी कायमची वांझ झाले ना मॅडम? घरी हे कसं सांगू?

तो शब्द आधी खोडून टाका. कुणी तुमच्याबद्दल वापरला असेल तर तोही खोडून टाका.

नळीचं काम बीज उचलायचं, शुक्राणूशी गाठ घालून द्यायची आणि झालेला गर्भ पिशवीत पोचवायचा. पाणी भरून फुगलेली नळी यातलं काहीच करत नाही, तिच्या आतली नाजूक लव इन्फेक्शनने केव्हाच गेलेली असते. आयव्हीएफमधे हे सगळं काम नळीच्या बाहेर होतं. म्हणजे तुम्ही जी नळी गमावणार म्हणून घाबरताय ती काम करायची थांबून बराच काळ झालाय. उलट त्यातलं पाणी झिरपत पिशवीत येतं आणि तिथे ठेवलेला गर्भ रुजू देत नाही. अशा नळ्या तशाच ठेवून आयव्हीएफ केलं तर यश जवळपास निम्म्यावर येतं. स्कँडिनेव्हियातल्या सेंटर्सनी मिळून यावर अभ्यास केला, १९९९ मधे छापला, आधी नळ्या काढल्या तर फायदा होतो हे त्यात दिसलं आणि सोनोग्राफीत दिसण्याइतक्या फुगलेल्या नळ्या असतील त्यांना तर जास्तच. या सगळ्या विषयात ऑपरेशनचा फायदा इतका स्पष्ट दिसतो अशा जागा फार थोड्या आहेत, त्यातली ही एक, म्हणून तुमच्या डॉक्टरांचं मला पटतंय.

विचारायचं ते एवढंच, की ओव्हरीचा रक्तपुरवठा नळीच्या अगदी शेजारून जातो तर नळी काढताना तो सांभाळणार ना. आणि आत सगळं इतकं चिकटलेलं असलं की नळी सोडवताच येत नाही तर? तर पिशवीजवळ क्लिप लावून पाण्याची वाट बंद करतात, तेही चालतं. कमी वयात, नळी थोडीच फुगलेली आणि आतली लव बरी असेल तर तोंड उघडून नळी वाचवायचा प्रयत्न करतात, पण ती परत बंद होऊ शकते आणि नळीतच गर्भ राहण्याचा धोका असतो. ३५ व्या वर्षी दोन्ही नळ्या अशा असताना मी त्यात वेळ घालवणार नाही.

घरी सांगताना हे सांगा. जगातलं पहिलं आयव्हीएफचं बाळ, लुईस ब्राऊन, २५ जुलै १९७८ ला इंग्लंडमधे जन्माला आली, तिच्या आईच्या दोन्ही नळ्या बंद होत्या. नळ्या दुरुस्त होत नाहीत अशा बायकांसाठीच तर हा उपाय शोधला गेला, आणि ते बीज डॉ. पॅट्रिक स्टेप्टो यांनी लॅप्रोस्कोपीनेच काढलं होतं.

वय २६, पीसीओएस, म्हणजे ओव्हरीत बीज वेळेवर फुटत नाही तो आजार. पाळी दोन-तीन महिन्यांनी येते. ओव्हरीला दुर्बिणीतून भोकं पाडायचं ऑपरेशन सुचवलंय. अजून गोळ्या घेतलेल्या नाहीत.

मग आधी गोळ्या. लेट्रोझोल ही आता पहिली पायरी आहे, अमेरिकेत ७५० बायकांवर झालेल्या अभ्यासात, २०१४ साली आलेल्या, लेट्रोझोलवर २७.५ टक्के जणींना बाळ झालं आणि जुन्या क्लोमिफेनवर १९.१ टक्के. वजन जास्त असेल तर थोडं कमी झालं तरी बीज फुटायला मदत होते.

ऑपरेशनची कल्पना जुनी आहे. स्टीन आणि लेव्हेंथल यांनी १९३५ साली या आजाराचं वर्णन केलं तेव्हा ते ओव्हरीची चक्क एक फोड कापून काढायचे, आणि पाळ्या सुरू व्हायच्या, पण नंतर आत सगळं चिकटून बसायचं. १९८० च्या दशकात त्याऐवजी दुर्बिणीतून चार-पाच ठिकाणी शेक द्यायचं सुरू झालं, तेच हे ड्रिलिंग. गोळ्यांनी बीज फुटलंच नाही, किंवा दुसऱ्या कारणाने लॅप्रोस्कोपी करावीच लागतेय, तर ड्रिलिंगला जागा आहे, बीज वाढवायच्या इंजेक्शनांसारखा जुळ्या-तिळ्यांचा धोकाही त्यात नाही. पण जास्त भोकं पाडली तर चांगली बीजंही जळतात, आणि नुसती पाळी नियमित करायला किंवा चेहऱ्यावरचे केस घालवायला हे ऑपरेशन करायचं नसतं.

माझ्या पत्नीला तीन फायब्रॉइड आहेत, मोठी गाठ ५ सेंमीची आहे, रिपोर्टमधे सबसेरोझल लिहिलंय. दोन वर्षं झाली दिवस जात नाहीत. गाठी काढल्या की प्रश्न सुटेल ना?

तुम्ही स्वतः लिहिलंत, रिपोर्ट वाचून लिहिलंत, बरं वाटलं. फायब्रॉइडमधे आकारापेक्षा जागा बघायची. सबसेरोझल म्हणजे पिशवीच्या बाहेरच्या अंगाला, तिचा दिवस न जाण्याशी संबंध नसतो, ५ सेंमी असली तरी. पिशवीच्या आत डोकावणारी गाठ मात्र २ सेंमीची असली तरी त्रास देते, ती खालून दुर्बीण घालून काढतात, पोटाला टाका पडत नाही. आतल्या पॉलिपचंही तसंच, तोही काढलेला बरा, स्पेनमधल्या एका अभ्यासात आययूआयच्या (वीर्य नळीने पिशवीत सोडण्याच्या) आधी पॉलिप काढलेल्यांत दिवस जाण्याचं प्रमाण दुप्पट दिसलं. राहिल्या भिंतीतल्या गाठी, त्यावर तज्ज्ञांतच एकमत नाही, पिशवीची आतली पोकळी वाकडी होत असेल तर काढायचा विचार होतो, नाहीतर डॉक्टर बघून ठरवतात.

उरलेल्या दोन गाठी कुठे आहेत ते तुम्ही लिहिलेलं नाही, तेच आधी विचारा. आणि भिंतीतली गाठ कापून काढली तर पुढे काही महिने थांबावं लागतं, बाळंतपणात त्या जागी पिशवी फाटण्याचा धोका असल्याने बऱ्याचदा सिझेरियन ठरतं, तेव्हा ऑपरेशनचे कागद जपून ठेवा, किती खोल कापलं होतं ते त्यात लिहिलेलं असतं. तुमचा स्वतःचा रिपोर्ट झालाय का?

दोन वेळा गर्भपात झाला, दोन्ही तिसऱ्या महिन्यात. पिशवीत पडदा आहे म्हणतात आणि तो कापायचाय. वय ३०.

दोन्ही वेळचं फार वाईट वाटलं.

पडदा कापण्याचं ऑपरेशन खालून दुर्बिणीतून होतं, सोपं असतं, आणि वर्षानुवर्षं आम्ही सगळे ते हमखास उपाय म्हणून सांगत आलो. पण २०२१ साली पहिल्यांदा चिठ्ठ्या टाकून दोन गट केलेला अभ्यास आला, ८० बायका, पडदा कापलेल्यांत ३१ टक्के जणींना बाळ झालं आणि न कापलेल्यांत ३५ टक्के. अभ्यास छोटा आहे, त्यावरून पडदा कधीच कापू नका असं म्हणता येणार नाही, अजूनही बरेच तज्ज्ञ वारंवार गर्भपात झालेल्यांना ऑपरेशन सुचवतात आणि तेही चूक नाही. पण हमखास शब्द मी आता वापरत नाही. आधी गर्भपाताची बाकी कारणं तपासली गेलीत का बघा, थायरॉइड, शुगर, रक्ताच्या गुठळ्यांची अँटीबॉडी तपासणी. आणि हा खरंच पडदाच आहे ना हे थ्रीडी सोनोग्राफी किंवा एमआरआयवर पक्कं करून घ्या, कारण पिशवी वरून दुभंगलेली असेल तर आतून तशीच दिसते आणि तिथे कापायला गेलं तर पिशवीला आरपार भोक पडू शकतं.

क्युरेटिंगनंतर पाळी अगदी डागांपुरतीच येते. याचा दिवस न जाण्याशी संबंध असेल का?

असू शकतो, आणि लवकर दाखवा. क्युरेटिंगमधे अस्तर खरवडलं गेलं की पिशवीच्या भिंती आतून एकमेकींना चिकटतात. दुर्बिणीने बघितलं की कळतं आणि त्याच वेळी हलक्या हाताने सोडवताही येतं, चिकटलेलं थोडंच असेल तर निकाल चांगला असतो, जास्त असेल तर एकदा करून भागत नाही. परत क्युरेटिंग करू म्हणाले तर नको म्हणा.

कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन १० वर्षांपूर्वी झालं. गेल्या वर्षी आमचा मुलगा गेला. आता वय ३७ आहे. नळ्या परत जोडता येतात का? लोक म्हणतात आता कशाला.

ताई, लोकांना काय म्हणायचं ते म्हणू दे. तुम्हाला परत आई व्हावंसं वाटतंय यात कशाला हा प्रश्नच येत नाही.

नळ्या जोडता येतात. किती यश मिळेल ते तीन गोष्टींवर, तुमचं वय, नळी किती उरलीय आणि तेव्हा बांधली कशी होती. क्लिप किंवा रिंग लावली असेल तर नळीचं नुकसान थोडंच होतं, जोडून ४ सेंमीच्या वर लांबी राहिली तर चांगलं मानतात. जाळली असेल किंवा टोकच कापलं असेल तर अवघड. म्हणून ते जुने ऑपरेशनचे कागद शोधा. जोडल्यावर दर महिन्याला आपोआप संधी मिळते, हा त्याचा मोठा फायदा, पण वाट बघायला वर्षभर द्यावं लागतं, आणि ३७ व्या वर्षी ते वर्ष मौल्यवान आहे. तेव्हा आधी एएमएच आणि मिस्टरांचा रिपोर्ट, दोन्ही उत्तम असतील आणि रिंग लावलेली असेल तर जोडायचा विचार करा, यातलं एकही कमी असेल तर मी आयव्हीएफकडे जाईन, त्याला नळ्या लागतच नाहीत.

आणि जोडून घेतल्या तर एक गोष्ट कागदावर लिहून ठेवा. पाळी चुकली की लगेच टेस्ट करायची, पॉझिटिव्ह आली की डॉक्टरांना कळवून सहाव्या आठवड्याच्या सुमारास सोनोग्राफी करायचीच, गर्भ पिशवीत आहे की जोडलेल्या नळीत अडकलाय ते बघायला. मधेच पोटात एका बाजूला जोरात दुखलं, खांदा दुखायला लागला किंवा चक्कर आली तर सकाळची वाट बघू नका, रात्री कितीही वाजले असले तरी तसंच उठून हॉस्पिटलला जा आणि तिथे पहिलं वाक्य हेच सांगा की माझ्या नळ्या जोडलेल्या आहेत.